दत्तक लेकीला घेऊन अमेरिकेला निघायच्या आधीचे दिवस, तिला आपलंसं कसं करावं?

जर्सीची_माय:

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीला असतो, मी मूळची कोल्हापूरची आणि नवरा नाशिकचा. कारातर्फे (म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) आमचं दत्तकाचं जुळलंय, मुलगी पावणेतीन वर्षांची आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शिशुगृहात. काराची एनओसी (ना हरकत पत्र) आली, जिल्हाधिकाऱ्यांची दत्तकाची ऑर्डर पण झाली (२०२२ पासून हे कोर्टाकडून त्यांच्याकडे गेलंय), आता आम्ही येऊन तिला घेणार आणि मग तिचा पासपोर्ट, काराचं सर्टिफिकेट, दिल्लीला एम्बसीत व्हिसा हे सगळं होईपर्यंत पुण्यात फ्लॅट भाड्याने घेऊन राहणार. किती दिवस लागतील कोणीच नक्की सांगत नाहीये.

तर प्रश्न कागदपत्रांचा नाहीये, ते एजन्सी बघतेय. मला भीती वाटतेय ती या मधल्या दिवसांची. व्हिडिओ कॉलवर ती आमच्याकडे नुसती बघत राहते, बोलत नाही काही, एकदाच तिने स्वतःची नवी चप्पल उचलून स्क्रीनला लावून दाखवली होती. एवढीच आमची ओळख. आणि त्यात आम्ही तिला शिशुगृहातून पुण्याला, पुण्याहून दिल्लीला, तिथून पंधरा तासांच्या वर विमानात बसवून थंडीत न्यूअर्कला उतरवणार. सासरचे माहेरचे सगळे भेटायला उत्सुक आहेत, सासूबाईंच्या मनात बारसं करायचंय, दीर म्हणतात दोन दिवस महाबळेश्वरला जाऊन येऊ म्हणजे तिला मजा वाटेल. मला कळत नाहीये यातलं काय करावं काय नाही. ज्यांनी मूल घेऊन असा प्रवास केलाय त्यांनी प्लीज अगदी बारीकसारीक सांगा.

सह्याद्रीचा_वारा:

अभिनंदन! मला वाटतं तुम्ही जास्त विचार करताय. मुलं लहान असतात पटकन रुळतात, चार दिवसात सगळं विसरतात. महाबळेश्वरला न्या, घोड्यावर बसवा, खेळणी घ्या, घरचे सगळे भेटू देत, जितकी माणसं प्रेम करतील तितकं तिला बरं वाटेल. आमच्या नात्यात एकांनी असंच केलं होतं, मुलगी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या कडेवर जात होती, कुठेही रडली नाही.

पाळणाघर_ते_घर:

मी बरीच वर्षं शिशुगृहात सोशल वर्कर म्हणून काम केलंय त्यामुळे वरच्या मताला स्पष्टपणे नाही म्हणते, राग मानू नये. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या कडेवर गेली, रडली नाही, हे ऐकून लोकांना छान वाटतं पण आम्हाला त्याचीच काळजी वाटते. संस्थेत वाढलेलं मूल दिसेल त्या बाईला आई नाहीतर मावशी म्हणतं, पाहुणे आले की हात वर करून उचलून घ्या म्हणतं, कारण तिथे माणसं पाळ्यांप्रमाणे बदलतात. सकाळची मावशी वेगळी, रात्रीची वेगळी, आणि जी आवडायला लागते ती एक दिवस नोकरी सोडून जाते. मुलाला हे शिकायचंच असतं की ही दोन माणसं वेगळी आहेत, ही जात नाहीत. ते वीस नातेवाइकांच्या घोळक्यात कसं शिकणार ते?

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, पुण्यातले दिवस फक्त तुम्ही तिघं. भरवणं, आंघोळ, शी-शू, कपडे घालणं, झोपवणं, पडली तर उचलणं हे सगळं फक्त आई आणि बाबांनी करायचं. आजी-आजोबा आले तर जरूर येऊ देत पण त्यांनी तिच्या हातात खाऊ द्यायचा नाही, तुमच्या हातात द्यायचा आणि तुम्ही तिला द्यायचा. ऐकायला फार कठोर वाटतं मला माहितीये. पण भूक लागली, लागलं, भीती वाटली की कुणाकडे जायचं हे तिचं एकदा पक्कं झालं की मग आजी, काका, शेजारी सगळे भेटू देत, कशाचंच काही बिघडत नाही.

आता संस्थेतून घेताना काय करायचं ते. संस्थेने परवानगी दिली तर एकदम घेऊन निघू नका, दोन-तीन दिवस रोज जा, तिच्या जागेत तिच्याबरोबर खाली बसा. तिची लाडकी मावशी कोण हे विचारा, असतेच कोणीतरी. ती किती वाजता उठते, कोणत्या कुशीवर झोपते, झोपताना कुठलं गाणं म्हणतात, वरणभात कालवून लागतो का वेगळा, दूध वाटीने की पेल्याने, शू लागली की काय शब्द म्हणते, हे सगळं त्या मावशीला विचारून लिहून घ्या, फाइलमधल्या रिपोर्टमध्ये यातलं काही नसतं. आणि निघताना त्या मावशीनेच तिला तुमच्या कडेवर द्यावं आणि तोंडाने सांगावं, ही तुझी आई, हे तुझे बाबा, आता तू यांच्याबरोबर तुझ्या घरी जायचंस. मागच्या दाराने गुपचूप नेणं, झोपेत उचलून नेणं असले प्रकार लोक करतात रडू नये म्हणून, ते अजिबात करू नका. रडू दे. मावशी गेली हे तिच्यासाठी खरं दुःख आहे.

तिचे तिथले अंगावरचे कपडे, पांघरूण मागून घ्या. आणि धुऊ नका!! आपल्याला वास येतो, तिला तो वास ओळखीचा असतो.

ह्यूस्टनचा_बाबा:

आमचा मुलगा विदर्भातल्या संस्थेतला, घेतला तेव्हा तीनच्या जरा पुढे होता, आता शाळेत जातो. वरच्या ताईंनी सांगितलंय त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, मी फक्त आमच्याकडे काय काय झालं ते सांगतो कारण तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं असतं तर निदान रात्री झोप लागली असती.

एक म्हणजे तो मला चिकटला आणि बायकोला जवळ येऊ देईना. हात लावला तर मारायचा, तिने दिलेला घास थुंकायचा. त्याला सांभाळणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या आणि त्या सगळ्या सुटल्या होत्या, पुरुष माणूस त्याच्या आयुष्यात नवाच, म्हणून माझ्याकडे ओढा, असं आमच्या सोशल वर्करने समजावलं. पण ते आईला कळून पण सहन होत नाही हो. ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. आम्ही मग असं केलं की गोड लागणारं, हवंहवंसं वाटणारं सगळं तिच्या हातून आणि नको असलेलं माझ्या हातून. केळं, शिरा, आंघोळीचं कोमट पाणी तिच्याकडे, नखं कापणं, औषध पाजणं, नाक पुसणं माझ्याकडे. आणि मी त्याच्यासमोर तिला मुद्दाम जवळ घ्यायचो, तिच्या ताटातलं खायचो, म्हणजे त्याला दिसावं की हे माणूस भरवशाचं आहे. हळूहळू तो मला कडेवरून सोडून तिच्या पदराशी जायला लागला. तुमच्याकडे उलटंही होऊ शकतं, पुरुष माणूस नवा म्हणून तुमच्या नवऱ्याला नाकारेल कदाचित, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा की ते मनाला लावून घ्यायचं नाही आणि मागे पण हटायचं नाही, रोज थोडं थोडं बाजूला बसत राहायचं.

दुसरं खाणं. जेवण झालं तरी तो ताटावरून उठायचा नाही, आणि नंतर बघितलं तर चड्डीच्या खिशात पोळीचा तुकडा, उशीखाली बिस्किट, एकदा तर वरणाने माखलेला भाताचा गोळा मुठीत घेऊन झोपला होता. रागवू नका आणि काढून पण घेऊ नका. आम्ही एक डबा त्याचा म्हणून ठेवला, त्यात चुरमुरे, खारीक, बिस्किटं, तो केव्हाही उघडू शकेल अशा उंचीवर, आणि तो डबा कधीच रिकामा होऊ द्यायचा नाही. तो डबा विमानात पण होता आणि ह्यूस्टनच्या स्वयंपाकघरात पण.

तिसरं कार सीट, म्हणजे लहान मुलांना गाडीत पट्ट्याने बसवायची खास खुर्ची!! हे कोणीच सांगत नाही. अमेरिकेत त्याच्याशिवाय गाडीतून नेताच येत नाही आणि या मुलांना आयुष्यात कुणी पट्ट्याने बांधलेलं नसतं. विमानातून दमून उतरलेलं मूल, बाहेर काळोख, अनोळखी गाडी, आणि आईबाबा त्याला पकडून बांधतायत, विचार करा. तुम्ही कार सीट पुण्यातच घ्या किंवा येताना घेऊन या, फ्लॅटच्या हॉलमध्ये ठेवा, त्यात बसून केळं खाऊ दे, भावलीला बसवून पट्टा लावू दे, मग रिक्षाऐवजी कॅब करून त्यात बसवून रोज एक छोटी चक्कर मारा. विमानात वापरायला मान्य असलेली असेल तर विमानातही तीच लावता येते, सीटवरच्या लेबलवर तसं लिहिलेलं असतं, आणि मग तिच्यासाठी ती एकच ओळखीची जागा पुण्यापासून जर्सीपर्यंत सोबत राहते.

व्हिसाच्या मेडिकलचं पण सांगतो. दोन वर्षांच्या पुढच्या मुलांची टीबीसाठी रक्ततपासणी करतात भारतात, म्हणजे सुई आलीच. तिथे नर्स म्हणतील आई तुम्ही हात घट्ट धरा. नाही धरायचा. नर्सना विनंती करा की त्यांच्यापैकीच कुणी धरावं, तुम्ही तिच्या तोंडासमोर राहून बोलणार आणि झालं की लगेच उचलून घेणार. दुखवणारे दुसरे आणि शांत करणारी आई, हे या दिवसात फार महत्त्वाचं. लसींचा कोर्स पूर्ण नसेल तर घाई करून एका दिवसात चार इंजेक्शनं देऊ नका, दत्तक घेतलेल्या दहा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांनी प्रतिज्ञापत्र दिलं तर अमेरिकेत आल्यावर लसी घ्यायची सवलत आहे, एजन्सीला विचारा.

श्टुटगार्टवासी_आई:

आमची केस थोडी वेगळी, आम्ही पुण्याचे पण लेक ओडिशातून आली, आणि ती येऊन थोडेच महिने झाले होते तेवढ्यात नवऱ्याला जर्मनीला पाठवलं. म्हणजे ओडिया ते मराठी आणि मराठीला जरा सुरुवात होतेय तेवढ्यात कानावर जर्मन. तुम्ही नशीबवान आहात की तुमच्या लेकीची भाषा तुमची भाषा आहे, ती सोडू नका. खूप लोक सांगतील की अमेरिकेला न्यायचंय ना मग आतापासून इंग्लिश बोला. अजिबात नाही. घाबरलेल्या मुलाला आपलं रडणं ज्या भाषेत समजावता येतं ती भाषा हवी, इंग्लिश डेकेअरमध्ये येईलच येईल. आम्ही तर संस्थेतून ओडिया अंगाई फोनवर रेकॉर्ड करून आणली होती, नवरा ती चुकीच्या उच्चारात म्हणायचा तरी ती ऐकत पडून राहायची.

नाव पण बदलू नका असं माझं मत आहे, निदान आत्ता नाही. सगळं बदललंय तिचं, जागा, माणसं, ताट, पांघरूण, एक नाव तेवढं तिचं आहे. बारसं हवंच असेल सासूबाईंना तर पुढच्या वर्षी करा ना, तेव्हा तीच सगळ्यांना पेढे वाटेल.

रात्रीचं सांगते. संस्थेत दिवा चालू असतो, आजूबाजूला दहा पाळणे, कुणी खोकतंय कुणी कुशीवर वळतंय, आणि आपण मोठ्या प्रेमाने सजवलेल्या वेगळ्या खोलीत अंधार करून झोपवतो. आमची पहिल्या रात्री डोळे उघडे ठेवून नुसती पडून होती, रडली सुद्धा नाही, मला वाटलं किती शहाणी. मग आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की रडून कुणी येत नाही हे माहीत झालेलं मूल रडायचं थांबतं. जेव्हा ती रात्री उठून मोठ्याने भोकाड पसरून आई म्हणाली तेव्हा मला इतका आनंद झाला की नवरा म्हणाला अगं ती रडतेय. त्यामुळे दिवा चालू ठेवा, गादी खाली घालून तिघं एकत्र झोपा, आणि अमेरिकेत जाऊन पण लगेच वेगळी खोली, क्रिब वगैरे नको. तिथले काही बालरोगतज्ज्ञ रडू द्या आपोआप झोपेल म्हणतील, ते या मुलांसाठी नाहीये, प्रत्येक वेळी उठायचं.

विमान वर चढताना, खाली उतरताना काही तरी चोखायला गिळायला द्या, कान दुखतात, आणि या मुलांना ते सांगता येत नाही. तिला दोघांच्या मधे बसवा, बाजूला अनोळखी माणूस नको. खिडकीची जागा घेतली तर बरं पण बाबाने खिडकीशी आणि तुम्ही पॅसेजला, मधे ती. जुनी मऊ साडी घेऊन जा, आम्ही लेकीला साडीत गुंडाळून छातीशी बांधून चालायचो विमानात, मोठी होती तरी.

आजीची_पोतडी:

बाळा, मी दत्तक नातीची आजी आहे, म्हणून तुझ्या सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द. आम्हाला जेव्हा लेकाने सांगितलं की आई तू तिला उचलायचं नाहीस अजून, तेव्हा मला फार लागलं होतं. वाटलं आम्ही काय परके का. पण त्याने नुसतं नको म्हणून सोडलं नाही, मला काम दिलं. मी रोज मऊभात, मेतकूट, नाचणीची खीर करून डब्यात भरून पाठवायची आणि सून तिला सांगायची आजीने दिलंय. मी पाच-दहा मिनिटं जायची, लांब बसून लसूण सोलायची नाहीतर फुलवाती करायची, तिच्याकडे बघायची पण नाही. एक दिवस तीच आली आणि लसणाची पाकळी माझ्या हातात दिली. तुझ्या सासूबाईंना असं काहीतरी काम दे गं. झबली-टोपड्याचं वय नाही राहिलं तिचं पण थंडीचे कपडे लागतील ना, त्यांना स्वेटर विणायला सांग, आणि तो तिने पुण्यातच घालून बघायला हवा, कारण बूट, मोजे, जाकीट यातलं काही तिने कधी घातलेलं नसणार आणि एकदम घातलं की अंगावरून काढून फेकेल.

पाळणाघर_ते_घर:

आजी, किती छान लिहिलंत. अजून दोन गोष्टी राहिल्या होत्या. आपल्याकडच्या मुलांच्या पाठीवर, कमरेखाली निळसर करडे जन्मडाग असतात बऱ्याचदा, अमेरिकेत डेकेअरवाल्यांना ते मार लागल्याचे वण वाटू शकतात. तिच्या मेडिकल रिपोर्टमध्ये त्याची नोंद आहे का बघा, नसेल तर इथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवा. तिथे गेल्यावर थोड्याच दिवसात दत्तक मुलांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे पूर्ण तपासणी करा, रक्त, शौच, टीबी, कावीळ ब, शिसं सगळं परत, इथले रिपोर्ट चांगले असले तरी.

आणि ते दत्तकानंतरचे रिपोर्ट असतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी, त्यांना घाबरून सगळं छान छान सांगू नका. ती चावते, झोपत नाही, बाबांकडे जात नाही, जे असेल ते त्या सोशल वर्करला सांगा, मदत तिथूनच मिळते.

तिची फाइल, संस्थेतले फोटो, ते कपडे, मावशींबरोबरचा एक फोटो हे सगळं नीट जपा. मोठी झाल्यावर ती विचारणार.

जर्सीची_माय:

सगळ्यांचे खूप खूप आभार, दोन वेळा वाचलं आणि नवऱ्याला पण वाचायला लावलं. महाबळेश्वर रद्द. बारसं पुढे ढकललं, सासूबाईंना आजींचं उत्तर वाचून दाखवलं तर त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या लोकर कुठल्या रंगाची आणू. कार सीट आम्ही इथून घेऊन येतोय. शिशुगृहात फोन करून विचारलं, रोज येऊन बसायला हरकत नाही म्हणाले, आणि तिच्या मावशींशी पण बोलणं झालं, ती डाव्या कुशीवर झोपते आणि झोपताना स्वतःचा कान धरते म्हणे.

आता एकच, नवऱ्याची रजा. तो म्हणतो पुण्यात सुट्टी संपली तर तिथूनच लॅपटॉपवर काम करेन आणि जर्सीला पोचलो की लगेच ऑफिसला जावं लागेल. कुणाला रजेचं काही माहितीये का?

ह्यूस्टनचा_बाबा:

लॅपटॉप उघडून बसलेला बाबा तिच्यासाठी घरात नसल्यासारखाच, त्यामुळे रजा घ्याच. कंपनीत ५० किंवा जास्त लोक असतील आणि वर्षभर (आणि १,२५० तास) काम झालं असेल तर १९९३ च्या फॅमिली लीव्हच्या कायद्याने दत्तकासाठी १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, आणि दत्तकासाठी परदेशी जावं लागत असेल तर ती मूल हातात यायच्या आधीपासून पण घेता येते. शिवाय तुम्ही न्यू जर्सीत आहात म्हणजे राज्याचा फॅमिली लीव्ह इन्शुरन्स आहे, त्यात दत्तक मुलासाठी १२ आठवड्यांपर्यंत पगाराचा काही भाग मिळतो, मूल आल्यापासून वर्षाच्या आत घ्यायचा. आम्हाला टेक्सासमध्ये हे नव्हतं. तुम्ही दोघांनी एकदम सगळी संपवू नका, पुण्यात दोघं, तिथे गेल्यावर आधी काही आठवडे दोघं आणि मग आळीपाळीने, म्हणजे डेकेअर जितकं लांबेल तितकं लांबवता येईल. एचआरला आजच मेल टाका, दत्तकाच्या ऑर्डरची कॉपी जोडून, त्यांना आधी कळवावं लागतं.